खंडेनवमीचं पिस्तूल

खंडेनवमीला पूजेत शस्त्र हवं म्हणून परीक्षित लंडनमधल्या हॅरोहून बायकोला घेऊन बंदुकांच्या दुकानात आला होता. खरं पिस्तूल या देशात कोण विकणार, म्हणून छऱ्याचं. "आमच्या घराण्यात तलवारी पूजल्या जायच्या," हे त्याने म्हाताऱ्या गोऱ्या दुकानदारालाही ऐकवलं. मीनाक्षीने छताकडे पाहिलं. त्या तलवारी तिने काय, तिच्या सासूबाईंनीही कधी पाहिल्या नव्हत्या. आणि हा शूर वंशज बाथरूममध्ये कोळी दिसला की तिला हाका मारायचा.

किंमत एकशेवीस पौंड. परीक्षित मेथीची जुडी घ्यावी तशी घासाघीस करू लागला. साठला द्या, वर छऱ्यांची डबी फुकट द्या, आमचा सण आहे. वैतागून म्हाताऱ्याने विचारलं, "पण तुम्हाला मारायचं काय आहे?"

"छे, मारायचं काही नाही. फुलं वाहायची आहेत."

म्हातारा आत गेला आणि स्प्रिंग तुटलेलं एक जुनं पिस्तूल घेऊन आला. "हे उडत नाही. पंधरा पौंड."

"बारा!" परीक्षित म्हणाला. म्हाताऱ्याने मान डोलावली, तसा तो गड सर केल्यासारखा बायकोकडे वळला.

बाहेर पडताच मात्र त्याने पिस्तुलाचा खोका तिच्या पिशवीत कोंबला. "ट्रेनमध्ये पोलिसांनी विचारलं, तर तुझं आहे म्हणून सांग हं."

"सांगेन की," मीनाक्षी म्हणाली. "आणि त्या तलवारी? त्याही माझ्याच माहेरच्या म्हणून सांगू का?"