चार माणसांचा डबा

मी डबा बोलतोय. फ्रीझरच्या खालच्या कप्प्यातला, निळ्या झाकणाचा. लोक माझ्याबद्दल बोलतात ते एवढंच, की "ह्याचं झाकण कुठे गेलं?" पण मला कोणी काही विचारत नाही. म्हणून आज न विचारताच सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरलं, साचा उघडला आणि मी टपकन खाली पडलो. माझ्या तळाशी बर्फाच्या फुलाची बारीक खूण आहे. म्हणजे हा थंडीत टिकेल. माझं भविष्य असं जन्मतःच पाठीवर छापलेलं होतं.

दुकानात मला ज्या बाईंनी उचललं त्या एका शाळेच्या ग्रंथालयात काम करायच्या. घरात त्यांना सगळे आई म्हणत, म्हणून मीही आईच म्हणतो. त्यांनी माझं झाकण दोनदा लावून, दोनदा काढून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "चार माणसांचा रस्सा मावेल ना ह्यात?"

"ताई, पाचवा पाहुणा आला तरी मावेल."

"पाहुण्यांचं नका सांगू. चार माणसांचं सांगा."

मावेल, असं ठरलं. मी आणि माझी भावंडं त्या घरात आलो.

बाबा बस चालवायचे. त्यांच्या पाळ्या वेड्यावाकड्या, आईंचं ग्रंथालय सकाळचं, मोठा मुलगा आणि धाकटी मुलगी सदान्‌कदा भुकेली. अशा घरात रोज दोन वेळा शिजवायचं म्हणजे आईंनी पुस्तकांचं तोंडही पाहायचं नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी शेगडीवर मोठं पातेलं चढायचं. बाबा गाडीवरचा काळा चष्मा लावून कांदे चिरायचे. मुलं वाटाणे सोलायची, निम्मे तोंडात टाकायची. संध्याकाळपर्यंत आमच्या पोटात आठवड्याचं जेवण भरलेलं असायचं.

आईंची शिस्त मोठी. ऊन ऊन कधी भरायचं नाही, आधी निवू द्यायचं. काठोकाठ भरायचं नाही, वर बोटभर जागा सोडायची, कारण गोठताना रस्सा फुगतो आणि झाकण उडवून देतो. आदल्या दिवशी डबा फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या फळीवर ठेवायचा, म्हणजे आतला बर्फ वितळून तो हळूहळू सुटतो. आणि एकदा सुटलेलं परत गोठवायचं नाही. ते संपवायचं. त्या घरात भाज्यांचे देठसुद्धा कचऱ्यात जायच्या आधी एकदा पातेल्यात उकळून निघायचे. अन्न टाकलेलं मी तिथे कधी पाहिलं नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. कोणीतरी पेरलेलं, कोणीतरी उचलून आणलेलं, कोणीतरी उभं राहून शिजवलेलं. ते आपण कंटाळा आला म्हणून ओतून देतो, याला काय म्हणावं?

मग मुलगा नोकरीसाठी दूर गेला. मुलगी डॉक्टर व्हायला त्याहून दूर गेली. आणि एके वर्षी, फार आजारी न पडता, आईही गेल्या.

आम्हा डब्यांना कोणीतरी एकात एक घालून वरच्या कपाटात ठेवून दिलं. झाकणं वेगळी, आम्ही वेगळे. बाबा डेपोच्या कँटीनमध्ये जेवायचे आणि घरी फक्त झोपायला यायचे. नंतर त्यांची निवृत्ती झाली आणि कँटीनही सुटलं. कपाटाच्या फटीतून मला रोज एकाच कपबशीचा आवाज ऐकू यायचा.

मग मुलगी परत आली.

तिला तिकडेच राहा म्हणणारे खूप होते. पण ती आली आणि फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर रुजू झाली. डोंगरापलीकडे जिथे डॉक्टर पोचत नाही अशा वस्त्यांत ती गाडी जाते. आठवड्याच्या सुरुवातीला निघायची, शेवटी परतायची. तिच्या बोलण्यात "झालंच पाहिजे" हे शब्द फार. बाळांना लस मिळालीच पाहिजे, म्हाताऱ्यांना गोळ्या मिळाल्याच पाहिजेत. घरी आल्यावर तिने बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही जेवलंच पाहिजे."

पहिल्या सुट्टीला तिने आम्हाला कपाटातून काढलं, गरम पाण्याने घासलं आणि दिवसभर शेगडीपाशी उभी राहिली. घेवड्याचा रस्सा, भोपळ्याचं सूप, मसुराची आमटी, कोंबडीचा रस्सा. बाबा दारात उभे राहून बघत होते.

"बाई, युद्धबिद्ध होणार आहे का?"

"रोज एक डबा काढायचा, गरम करायचा, जेवायचं. इतकं सोपं आहे, बाबा."

तिने आम्हाला भरलं, वर बोटभर जागा सोडली, अगदी आईंसारखी. आणि इथेच सगळी फसगत झाली. हात आईचे होते, डबे आईचे होते, म्हणून मापही आईचंच पडलं. मी पुन्हा एकदा चार माणसांचा रस्सा पोटात घेऊन गोठलो, आणि घरात माणूस होता एक. हे ना तिच्या लक्षात आलं, ना बाबांच्या. त्या घरात कमी शिजवायचं कसं हे कोणाला शिकवलेलंच नव्हतं.

गाडी निघून गेली. दुपारी बाबांनी मला बाहेर काढलं. मी म्हणजे वीट. त्यांनी मला उलटं करून पाहिलं, टकटक वाजवून पाहिलं. मग हत्यारांच्या पेटीतून स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी आणली. आपल्यापुरता तुकडा काढावा हा बेत! पहिल्या घावाला घेवड्याचा एक दाणा उडून शेगडीमागे गेला. दुसऱ्या घावाला माझ्या काठाचा कोपरा गेला.

बाबा वरमले. "अरेरे," असं माझ्याकडे बघून म्हणाले, आणि मला परत आत ठेवून त्यांनी चहात पाव बुडवला.

संध्याकाळी फोन वाजला. "जेवलात?"

"जेवलो की. घेवडा. फक्कड झाला होता."

तो घेवडा दाराआड माझ्या पोटात दगडासारखा पडून होता. मी काय बोलणार?

रोज तसंच. चहा, पाव, फोन, "फक्कड."

आठवड्याच्या शेवटी मुलगी घरी आली, पाठीवरची पिशवीही न उतरवता तिने फ्रीझर उघडला. आम्ही सगळे जसेच्या तसे रांगेत. ती खाली फरशीवरच बसली. दार उघडं राहिल्यामुळे फ्रिज टीं टीं करायला लागला, तरी उठली नाही.

"बाबा, पट्ट्याला नवीन भोक पाडलंत?"

"जुनं भोक सैल झालं होतं."

"भोक सैल होत नाही, बाबा. माणूस बारीक होतो."

बाबा माझ्या फुटक्या कोपऱ्याकडे बघत हळूच म्हणाले, "चार माणसांचा डबा आहे गं. काढला की चौघं आठवतात. आणि उरलेलं टाकायचं कुठे?"

ती डोळे पुसून उठली. "मी कळवते त्यांना. इथल्या दवाखान्यात एक जागा आहे. गाडी सोडते."

"खबरदार!" इतक्या मोठ्याने की माझ्या शेजारचं सूपसुद्धा हादरलं असेल. "जन्मभर लोकांना वेळेवर पोचवलं मी. आणि माझ्यापायी तुझी गाडी उभी राहणार? वाट बघतात ना तिकडे तुझी?"

"बघतात."

"मग जायचं."

"मग तुम्ही जेवायचं."

"जेवीन."

"कसं?"

"ते माझं मी बघतो."

"ठीक आहे. पुढच्या सुट्टीला हा कप्पा असाच भरलेला दिसला, तर मी गाडी सोडली म्हणून समजा. मग ओरडू नका."

ती जिद्दीची होती, आणि बाबांना ते पक्कं ठाऊक होतं. ती पुन्हा निघाली त्याच दिवशी त्यांनी मला फ्रीझरमधून काढून खालच्या फळीवर ठेवलं. मी कडेकडेने सुटत गेलो. दुसऱ्या दुपारी मी पातेल्यात रिकामा झालो आणि घरभर वास पसरला. असा वास त्या घरात आईंनंतर पहिल्यांदाच. बाबा वाडगाभर जेवले, बोटं चाटली, आणि मग पातेल्यात डोकावले. तीन माणसांचं तसंच शिल्लक.

परत गोठवता येत नाही. एकट्याने संपत नाही. टाकण्याचा तर प्रश्नच नाही. पातेलं शेगडीवर, आणि बाबा स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालतायत. रस्सा कोमट झाल्यावर त्यांनी तो पुन्हा माझ्यात ओतला, मला फडक्यात धरलं आणि जिना उतरायला लागले.

खालच्या मजल्यावर मास्तर राहायचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, तेही एकटेच. बाबा आणि ते पूर्वी रोज बुद्धिबळ खेळायचे. मग एका डावावरून वाजलं आणि अबोला धरला तो धरलाच. जिन्यात समोरासमोर आले की दोघंही एकदम खिशात किल्ली शोधायला लागायचे.

बाबांनी दार वाजवलं.

"कोण?"

"मी. वरचा."

"वरचा म्हणजे? देव?"

"ड्रायव्हर."

दार फटीएवढं उघडलं. "काय काम आहे?"

"घेवड्याचा रस्सा आहे."

"उरलेला?"

"उरलेला नाही हो. जास्त झालेला."

"फरक काय?"

"उरलेला असता तर उद्या आणला असता." बाबांनी मला थोडं पुढे केलं. "पोरीने करून ठेवलेला. फ्रीझरमधला."

"मग ठेवा परत फ्रीझरमध्ये."

"नाही चालत. एकदा सुटला की परत गोठवायचा नाही. नियम आहे."

दार सताड उघडलं. मास्तर कमरेवर हात ठेवून उभे होते. "नियम! आणि तुम्ही सांगताय! वजीर हलवून परत जागेवर ठेवणारा माणूस मला नियम शिकवतोय!"

"त्या दिवशी माझा चष्मा नव्हता, मास्तर."

"कपाळावर होता!"

"होता," बाबा म्हणाले. "चाल परत घ्यायला नको होती मी."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा राग पळाला, आणि त्यांनी तो धरून ठेवायचा प्रयत्न केला तरी थांबेना. त्यांनी वाकून माझ्यात नाक घातलं. "पाव आहे माझ्याकडे. कालचा आहे. भाजून घेतो. या आत, दारात काय उभे राहताय!"

तिथे मी पाहिलं, त्यांच्या ओट्यावरही एकच कपबशी होती.

दोघांनी पावाने माझे कोपरे पुसून काढले. मला धुवायलासुद्धा काही ठेवलं नाही. रात्रीपुरतं आधीच पातेलीत काढून मास्तरांच्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं, ते संध्याकाळी दोघांनी पुन्हा चवीने खाल्लं. दोन माणसं, दोन वेळा. बाबांनी बोटांवर मोजलं आणि एकटेच हसले. दुसऱ्या दिवशी जिन्यातून हाक आली, "ओ ड्रायव्हर, आज काय सुटलंय?"

आठवड्याच्या शेवटी मुलगी परतली ती हातात एक मोठी पिशवी घेऊन. पिशवीत नवे कोरे छोटे डबे होते, एका माणसाचे. मी ओट्यावर पालथा होतो, मला सगळं दिसत होतं. खरं सांगू? आता आपली रवानगी पुन्हा वरच्या कपाटात, हे मला कळून चुकलं होतं.

तिने फ्रीझर उघडला. कप्पा रिकामा. ती आनंदली असेल असं तुम्हाला वाटेल, पण ती डॉक्टर आहे. तिने आधी कचऱ्याची बादली उघडून पाहिली.

"बाबा, खरं सांगा. टाकलंत कुठे?"

"टाकीन मी?" बाबांचा आवाज इतका दुखावलेला, की ती ओशाळली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून, पटावरची मान न उचलता, मास्तर ओरडले, "डॉक्टरीणबाई, भोपळ्याच्या सुपात मीठ कमी होतं हं!"

मुलगी बघतच राहिली. एकदा बाहेरच्या खोलीकडे, एकदा बाबांकडे. मग ती पिशवीतले छोटे डबे काढायला लागली. "आता बघा, ह्यात एकेका माणसाचं वेगळं भरता येईल. एका वेळी एकच सुटेल. कोणाकडे घेऊन जायची कटकटच नाही."

बाबांनी एक छोटा डबा तळहातावर ठेवला. किती मावेल याचा अंदाज घेतला. मग तो परत पिशवीत ठेवला.

"ह्यात कांदा-टोमॅटोचं वाटण ठेव. जेवण मोठ्यातच भर."

"पण बाबा, चार माणसांचं होतं ते."

"असू दे. मोठा डबा सुटला की कोणाला तरी हाक मारावीच लागते."

मुलीने तोंड फ्रीझरकडे वळवलं. आतली थंडी सगळी बाहेर येत होती, फ्रिज टीं टीं करत होता, पण बाबाही तिला दार लाव म्हणाले नाहीत.

ती गाडी तिने सोडली नाही. अजून जाते. सुट्टीच्या दिवशी शेगडीवर पातेलं चढतं. मास्तर मीठ चाखायला हजर असतात, आणि झाकणावर चिकटवायच्या पट्ट्यांवर नाव लिहिण्याऐवजी चित्र काढतात. गेल्या खेपेला बाबांनी विचारलं, "हा भोपळा आहे, की मी?" मास्तर म्हणाले, "खात राहा, दोघांत फरक राहणार नाही."

माझा कोपरा फुटका आहे. निळं झाकण आता नीट बसत नाही, वरून एक रबर लावावं लागतं. थकलोय थोडा. पण तुमच्याही घरी माझं एखादं भावंड असेल, कपाटात पालथं पडलेलं. त्याला खाली काढा. एकदा निवांत भरपूर शिजवा, निवू द्या, बोटभर जागा सोडा, आणि एक कणही टाकू नका. खाणारं कोणी नाही असं वाटलं, तर जिना उतरून एकदा दार वाजवून पाहा.

मसुराची आमटी निवली वाटतं. मुलगी मला भरायला आलीये, म्हणजे आता मला आत जायला हवं. दार लागेल, अंधार होईल, मी हळूहळू दगड होईन. माझी काळजी करू नका. मला न्यायला ज्या दिवशी हात येईल, त्या दिवशी तो माणूस एकटा जेवणार नाही.