रखमाजीच्या बूथवरचा फोन

भीमराज बँडवाल्याला घाबरवलं ते नगरहून स्कूटरवर आलेल्या एका टायवाल्या साहेबानं. नाव प्रवीण. माणूस गोड बोलायचा, आणि गोड बोलता बोलता समोरच्याला घाम फोडायचा.

"तुमच्याशिवाय इकडं बँड कुणाचा?" चहा पिता पिता त्यानं विचारलं.

"पाथर्डीचा सूर्यभान हाय की," भीमराजनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

साहेबानं कप खाली ठेवला. "तेच म्हणतोय मी. आता सगळी दुनिया इंटरनेटवर चाललीय, भीमराजशेठ. तिथं समता ब्रास बँड हे नाव मिळेल का, असं सूर्यभाननं कालच विचारलं. म्हटलं, आधी मूळ मालकाला भेटतो. पण संध्याकाळपर्यंतच थांबवू शकतो. एकदा नाव गेलं की तुमच्या गाड्यावरची अक्षरं खोडावी लागतील. वरून कोर्टाची नोटीस."

हे नाव भीमराजच्या बापानं ठेवलेलं. आता सूर्यभानचं नाव आपणच घोटभर चहापूर्वी सांगितलं, एवढं तरी कळावं की नाही? बरं, जाऊन त्यालाच विचारायचं. पाथर्डी काय विलायतेत आहे? पण भ्यालेल्या माणसाला सोपं काही सुचत नाही. बँडच्या पोरांच्या नव्या ड्रेससाठी ठेवलेले पैसे त्यानं नाव नोंदवायला साहेबाच्या हातावर ठेवले.

"नाव बघून गिऱ्हाइक फोन करील, नंबर सांगा," साहेब म्हणाला. भीमराज राहायचा वस्तीवर, तिथं कसला फोन? तिसगावच्या स्टँडवर रखमाजीचं एसटीडी बूथ होतं, त्याचा नंबर दिला. म्हणाला, बाजारच्या दिवशी मी तिसगावातच असतो.

"मग त्या दिवशी फोनजवळून हलू नका," साहेबानं जाता जाता आणखी एक काडी टाकली. "गिऱ्हाइकाचे फोन वाया गेले, की कॉम्प्युटर आपोआप नाव काढून टाकतो. मग माझ्या हातात काही नाही."

आता आमच्याकडे लग्नाचा बँड ठरतो कसा, ते सांगायला हवं. बाजारच्या दिवशी बँडमालक लिंबाखाली सतरंजी टाकून बसतात. लग्नाची मंडळी येतात, दोन गाणी ऐकतात आणि मालकाच्या हातात सुपारी ठेवतात. मालकानं मूठ मिटली की तारीख पक्की. हात मात्र मालकाचाच लागतो. वाजवणाऱ्याच्या हातात कुणी सुपारी ठेवत नाही. भीमराज लहानाचा मोठा झाला तो त्याच सतरंजीवर.

आणि हाच शहाणा ऐन लग्नसराईत बूथच्या बाकड्यावर जाऊन बसला. लिंबाखाली बसवलं छगनला. छगन म्हणजे क्लॅरिनेटवाला, आणि खरं सांगायचं तर अर्धा बँड तोच. त्यानं सूर लावला की वरातीतल्या म्हाताऱ्यासुद्धा मान डोलवायच्या.

भीमराजची बायको यशोधरा भाकरी घेऊन आली ती बूथवरच भांडायला लागली. "फोनातनं सुपारी कशी देनार लोकं? तारंतनं गळंल व्हय खाली?"

"तुला न्हाई कळायचं. बापाचं नाव जाईल."

"लोकं तुमाला लिंबाखाली हुडकत्यात. तिकडं चला आधी."

तो काही हलला नाही. फोन यायचे, येत नव्हते असं नाही. एक गावातल्या पुष्पावतीबाईंसाठी त्यांच्या जावयाचा आला. एकजण कांद्याचा भाव विचारत होता. घंटी वाजली की भीमराज ताडकन उठायचा आणि रखमाजी हातानंच त्याला खाली बसवायचा.

एका बाजारी छगन धापा टाकत आला. "मालक, खर्ड्याची मंडळी आलीत. मोठं लगीन हाय. आपलीच गानी आवडली त्यास्नी. सुपारी हातात घेऊन हुबं हायेत."

"बसव की त्यांना. च्या पाज."

"पाजला. ते म्हनत्यात मालक दाखव. चला ना, दोन मिन्टाचं काम."

भीमराज उठला. बूथच्या पायरीपर्यंत आलाही. तेवढ्यात मागं घंटी वाजली आणि हा बाबा गर्रकन वळला. फोन होता पोस्टातल्या कुणासाठी तरी. तो परत वळेपर्यंत छगन निघून गेला होता, आणि लिंबाखाली शेजारच्याच सतरंजीवर बसलेल्या सूर्यभाननं मूठ मिटली होती. संताप यावा तर कुणाचा यावा? पुढच्या बाजारी छगन सूर्यभानच्या सतरंजीवर बसला. त्यालाही पोरंबाळं होती. त्याच्यामागं ढोलवाला गेला, मग झांजवाला.

वैशाखात स्टँडवरून एक दणदणीत वरात निघाली. पुढं सूर्यभान, त्याच्यामागं लाल कोटातला छगन, गाल फुगवून वाजवतोय. बरोबर त्याच वेळी रखमाजीनं रिसीव्हर पुढं केला. "भीमराज, घे. तुझा हाय."

भीमराजनं रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला लावला. "हॅलो, समता बँड."

"मी प्रवीण बोलतोय, भीमराजशेठ. दोन हजार साल आलं की कॉम्प्युटर बंद पडणार आहेत. आत्ताच पैसे भरले नाहीत तर नाव कायमचं जाईल. काय म्हणता? ऐकू येत नाही. तिकडं काय जोरात वाजतंय हो. वा, इंटरनेटचा गुण बघा."

"माजा न्हाई त्यो बँड," भीमराज ओरडला. "सूर्यभानचा हाय."

"कोण सूर्यभान?"

भीमराजनं रिसीव्हर कानापासून काढून एकदा नीट बघितला.

"हॅलो? चांगलं वाजवतात की. त्यांचा नंबर असला तर द्या ना मला."

भीमराजनं फोन खाली ठेवला.

"काय रं, सुपारी का?" रखमाजीनं विचारलं.

"न्हाई," भीमराज म्हणाला, आणि वरात लांब जाईपर्यंत काचेच्या दाराआडच उभा राहिला.