चिमणीच्या हाताला पुरेल अशी कडी

मी लोखंडाची एक साधी कडी. शाळेत मुलींच्या बाथरूमच्या दाराला आतून लावतात ना, तीच. हसू नका, माझ्यासाठी चौदा मुलींनी सह्या करून अर्ज दिला होता!

तोवर मी दुकानातल्या डब्यात धूळ खात पडले होते, आणि इथे दाराला कडीच नव्हती. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेरून दार ओढून धरायची. पहिलीतल्या एका इवल्याशा मुलीला सगळे चिमणी म्हणतात. ती तर दिवसभर पाणीच प्यायची नाही, म्हणजे जायलाच नको. मग पोट दुखायचं. हे तिच्या सातवीतल्या ताईला कळलं आणि तिने अर्ज लिहिला. मुलांचे हक्क नियमांच्या पुस्तकात छापलेले होतेच म्हणे. पण पुस्तक काही दार धरायला येत नाही!

"कडी लावून एखादी आत अडकली तर?" मुख्याध्यापक बाईंनी विचारलं.

"ओरडेल की, बाई. पण आत्ता आम्ही जातच नाही," ताई म्हणाली.

बाईंनी अर्जावर सही केली. दुसऱ्याच दिवशी सुतारकाका मला घेऊन आले आणि त्यांनी टेपने मोजून मला स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर ठोकलं. बाईंनी लावून बघितलं, शिपाईमावशींनी लावून बघितलं, सगळे खूश. मग चिमणी आली. तिने टाचा उंचावल्या, उड्या मारल्या. मी तिच्या बोटांपासून वीतभर वरच. ती तशीच परत गेली. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मधल्या सुट्टीत ती एकटीच बाईंच्या खोलीत शिरली.

"बाई, कडी चुकलीय. माझा हात पुरत नाही."

"मोठी झालीस की पुरेल हं, बाळा."

"पण मला आत्ता जायचंय!"

बाईंना हसू आलं, मग ते विरलं. सुतारकाकांना पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांनी टेप काढलीच नाही. चिमणीलाच दाराशी उभं केलं.

"इथे बसवू?"

"अजून खाली. पुढच्या वर्षी माझ्यापेक्षा छोट्या मुली येतील."

वर माझी जुनी भोकं अजून दिसतात. बाई तपासायला आल्या की त्यांना कमरेत वाकावं लागतं. कुरकुरतात, पण वाकतात. मीही जरा गंजलेय, तेलाचा थेंब कुणी सोडला तर बरं होईल. आणि एवढंच सांगते, दार बंद दिसलं तर ढकलू नका, वाजवा. आत चिमणी असेल तर ती मुळीच घाई करत नाही. खणखणीत आवाजात सांगते, "थांबा! मी आहे आत!"