माझा कोरलेला रिषभ

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. कपड्यांची नव्हे, गाण्याची. शाळेत तुम्ही मला हार्मोनियम म्हणता. आमगावजवळच्या आमच्या गावात एवढं लांब नाव कोणी घेत नाही.

एकतीस वर्षांपूर्वी नागपूरच्या एका कारागिराने सागवानी फळ्या जोडून मला घडवलं. माझ्या पोटात पितळेच्या बारीक जिभा आहेत, त्यांनाच सूर म्हणतात. भात्याची हवा लागली की प्रत्येक जीभ आपला एकच स्वर बोलते. माणसाची जीभ सकाळी एक बोलते, संध्याकाळी दुसरंच. माझी तशी नाही.

माझा मालक ईश्वरदास धान पिकवतो आणि दर शनिवारी मंडळात भजनाला मला वाजवतो. गातात सुखरामबुवा. भजन रंगलं की लोक बुवांना वाहवा देतात, आणि भजन पडलं की माझ्याकडे बघतात. मी सगळं मोजून ठेवते. एकतीस वर्षांत मला चांगलं म्हटलं गेलं नऊ वेळा, त्यातल्या सहा वेळा तर खुद्द ईश्वरदासनेच म्हटलं.

गेल्या हिवाळ्यात त्याची भाची नीतू आली. ती नागपुरात व्हायोलिन शिकवते. तिच्याबरोबर हिंदी शिकलेला इराणचा फरहाद होता, मांडीवर उभी धरून गजाने वाजवायची कमांचा घेऊन, आणि लांब मानेचं तंतुवाद्य वाजवणारी ग्रीसची एलेनी. इराणची आणि भूमध्य समुद्राकाठची लोकगीतं त्यांना फुलचूरच्या एका सभागृहात सादर करायची होती.

"मामाजी, तुम्ही पेटी घ्या. मंडळातले उदाराम काका डफ वाजवतील," नीतू म्हणाली.

झालं! पानठेल्यावर, पीठगिरणीत, ज्याने विचारलं त्याला आणि ज्याने नाही विचारलं त्यालाही ईश्वरदासने ही बातमी पोचवली. "इराणवाल्याच्या बाजूले बसून राहिलो मी," असं तो एका गिऱ्हाइकाला सांगत होता. तोवर तालीमही झाली नव्हती.

तालीम आमच्याच अंगणात झाली. उदारामचा डफ बघून फरहादने त्याला मिठीच मारली. "हमारे यहाँ भी दफ़!" अर्ध्या तासात डफ घरचा झाला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. बरं, थोडं वाटलं.

मग फरहादने आपलं गाणं धरलं. ईश्वरदासने कोमल रिषभाची पट्टी दाबली.

"नहीं, ईश्वर भाई. इससे थोड़ा ऊपर."

त्याने शुद्ध रिषभ दाबला.

"अब ज़्यादा ऊपर."

दोन्ही एकदम दाबल्या, तर कोठीमागे दोन मांजरं भांडल्यासारखा आवाज निघाला. उदाराम हसून म्हणाला, "ईश्वर, तुह्या पेटीत भिंत हाय अन् याचा सूर भिंतीत राहते!"

खरंच होतं ते. तो स्वर माझ्या दोन पट्ट्यांच्या मधे होता. फरहाद हळुवारपणे म्हणाला, "आप सिर्फ़ सा पकड़े रहिए." एक पट्टी दाबून तासभर बसायचं! गावभर बातमी करून आलेल्या माणसाला हे कसं सोसावं?

दुसऱ्या दिवशी ईश्वरदासने मला उघडलं आणि दाढीच्या पात्याने शुद्ध रिषभाची जीभ बुडाशी कोरायला घेतली. बुडाशी कोरलं की सूर उतरतो.

"अजी, शनवारी भजन हाय. काऊन कोरून राहिले तिले?" त्याची बायको अनुसयाबाई म्हणाली.

"तुले का समजते?"

तिला सगळं समजत होतं. मलाही, पण मी बोलू शकत नव्हते.

फुलचूरला पहिल्याच गाण्यात तो मधला सूर माझ्यातून निघाला आणि फरहादने डोळे मिटले. मित्रांनो, ती माझी दहावी वाहवा. मग एलेनीने तिच्या बेटावरचं गाणं सुरू केलं. त्याला सरळ, शुद्ध रिषभ हवा होता. तो आता कुठून आणायचा? ईश्वरदासने पट्टी दाबली, एलेनीची भुवई चढली. त्यानंतर तो पट्ट्यांवर नुसती बोटं फिरवत, भाता हलवत, हसत बसला. गावच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना कळलं नाही, हे त्याचं नशीब.

शनिवारी मात्र कळलं. बुवांचा सूर एकीकडे, माझा दुसरीकडे.

"ईश्वर, पेटीले का झाला बे?"

"बुढी झाली ना जी. एकतीस वर्षं झाली."

अनुसयाबाई बायकांमधून टक लावून बघत राहिली. घरी येताच म्हणाली, "खोटं कायले बोल्लात?"

"मंडळात कसा सांगू? इज्जतीची गोष्ट हाय."

महिन्याभरात मंडळाने विजेवर चालणारा कीबोर्ड आणला. मी धानाच्या कोठीवर गेले.

उन्हाळी धान निघाल्यावर एका दुपारी ईश्वरदासने मला खाली घेतलं. पातं जिभेच्या टोकाशी लावलं. टोकाशी कोरलं की सूर चढतो, चार घासण्यांचं काम. एवढ्यात सुखरामबुवा दारात आले.

"का करून राहिला?"

"काई नाई जी. धूळ झाडून राहिलो."

आणि त्याने स्क्रू आवळले. मी सुरात आले तर म्हातारी पेटी तरणी कशी झाली, असं लोक विचारतील ना! तेव्हा मी बेसूर आहे तोवरच तो खरा आहे.

मित्रांनो, मला कोरलं याचं दुःख नाही. तो सूर फार गोड होता, त्यासाठी जीभ गेली तरी चालेल. पण बिघाड केला एकाने आणि वय काढलं माझं, हे मला पचत नाही. तुमच्या हातून वस्तू बिघडली तर "माझ्या हातून बिघडली" एवढं सरळ म्हणा. मग दुरुस्ती दारं उघडी ठेवून करता येते. ईश्वरदासकडे पातं आहे, हात आहे, कानही आहे. तेवढं वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही, म्हणून मी कोठीवर आहे.