मोज्याची भाषा

मी एक जुना लोकरीचा पायमोजा आहे. डाव्या पायाचा. नाक मुरडू नका मित्रांनो, मी धुतलेला आहे! माझ्या उजव्या जुळ्या भावाला वॉशिंग मशीननं गिळलं. घरचे म्हणतात, हरवला. खरं सांगू? तो नळीतून थेट समुद्रात गेला आणि आता एका देवमाशाच्या शेपटीला ऊब देतो. पटत नसेल तर देवमाशाला विचारा.

जोडी फुटलेल्या मोज्याचं शेवटी फडकंच होतं. पण आईनं मला उचललं. एक निळं आणि एक तपकिरी बटण शिवून डोळे दिले, तांबड्या कापडाची जीभ लावली आणि आपला हात आत घातला. झालं, मी बोलू लागलो. तेही चक्क पोर्तुगीजमध्ये!

त्याचं असं झालं. आईचं माहेर समुद्रापलीकडे, तिथे सगळे पोर्तुगीज बोलणारे. सासर मराठी. मुलंही मराठीतच हसणारी, मराठीतच भांडणारी. मुलांची आजी, म्हणजे आईची आई, आता कायमची इकडे राहायला येणार होती आणि तिला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ‘नातवंडांच्या घोळक्यात माझी आई मुकी बसली तर?’ ही एकच काळजी आईला कुरतडत होती.

पुस्तक उघडलं की मुलं पसार व्हायची. म्हणून आईनं माझ्यासाठी एक नियम केला. या मोज्याला पोर्तुगीज सोडून दुसरं काही कळत नाही आणि याला सदानकदा भूक लागते. वस्तूचं नाव पोर्तुगीजमध्ये सांगा, की मोजा ती गिळणार.

मग काय विचारता! थोरला ओरडायचा, “कुल्येर!” आणि मी चमचा गिळायचो. धाकटी गाल फुगवून खायची म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत, ती ओरडायची, “सापातु!” आणि मी बूट गिळायचो. एकदा तर मी अख्खं कपाट गिळलं, पण ते तुम्हाला खोटं वाटेल, म्हणून सोडून देतो. बटाटा, कोबी, चावी, अननस हे शब्द मात्र मुलांना आधीच येत होते. ते फार पूर्वी पोर्तुगीजमधून मराठीच्या घरी पाहुणे म्हणून आले आणि जेवून इथेच झोपले, ते आजतागायत उठलेले नाहीत.

बाबा हसायचे. “अगं, मोजा पायात घालतात. तू तर पोरांच्या डोक्यात घातलास!”

“असू दे. तुमच्या डोक्यातही घालणार आहे,” आई म्हणायची.

मुलं माझ्याशी घडाघडा बोलू लागली. भूक लागली, थंडी वाजली, दादानं चिमटा काढला, सगळं मला पोर्तुगीजमध्ये सांगत. घरात माझं केवढं कौतुक! मी फुगून टोपीएवढा झालो होतो.

आणि आजी आली. लहानखुरी, पांढऱ्या केसांची. तिनं वाकून प्रेमानं काहीतरी विचारलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. तिनं पुन्हा विचारलं. थोरला आईच्या मागे लपला.

“अरे, बोला ना! येतं की तुम्हाला,” आई म्हणाली.

“पण ती मोज्याची भाषा आहे,” थोरला कुजबुजला. “माणसांशी कशी बोलायची?”

आईचा चेहरा उतरला. नियम तिचाच, आणि तो मुलांनी तिच्यापेक्षा जास्त पाळला होता. त्यानंतर कित्येक दिवस आजी खिडकीशी बसून राही. मुलं जवळून गेली की हसे, आणि ती लांब गेली की हसू आवरून घेई. आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून डोळे पुसायची. मी खेळण्यांच्या टोपलीतून सगळं बघत होतो. पण आत हात असल्याशिवाय मोज्यानं बोलायचं कसं?

एका दुपारी आजीनं मला टोपलीतून काढलं आणि आपला हात आत सरकवला. मित्रांनो, मी लटपटलो! आजीचा हात म्हातारपणानं सतत थरथरत असे. इतके दिवस ताठ मानेनं वावरलेला मी पानासारखा कापू लागलो.

खारूताईनं खेळ सोडला आणि काळजीनं जवळ येऊन विचारलं, “तेंश फ्रियु?” म्हणजे, तुला थंडी वाजते का?

“नाऊं,” आजीनं माझ्या तोंडून हळूच उत्तर दिलं. पोर्तुगीजमध्येच म्हणाली, “थंडी नाही गं. मी म्हातारी झालेय.”

खारूताईनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गळ्याखालच्या सुरकुतलेल्या मनगटाकडे. मग वर, आजीच्या तोंडाकडे. तिनं मला पकडलं, ओढून काढलं आणि जमिनीवर टाकलं. आजीचा तो थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत धरून ती पोर्तुगीजमध्ये सांगू लागली. भूक लागली, दादा चिमटे काढतो, सगळं सगळं. थोरला धावत आला, “खोटं आहे ते!” तेही पोर्तुगीजमध्ये! आजी हसत होती आणि रडत होती. स्वयंपाकघराच्या दारात आई ओले हात घेऊन तशीच उभी राहिली.

तेव्हापासून माझ्यात कुणी हात घालत नाही. वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण मित्रांनो, माझ्यासारख्याला बाजूला ठेवायची वेळ आली, तर खुशाल ठेवा. लोकर खाणाऱ्या कसरीपासून तेवढं जपा. आणि टाकाल तेव्हा पालथं टाकू नका. बटणं जमिनीकडे जातात आणि मग आजी-नातवंडं बोलताना दिसत नाहीत.

मला ते अजून पुष्कळ दिवस बघायचंय.