पटाची सून

"मोहाच्या गं बुडाशी बाई, हळू ठेव पाय,
पानाआड निजलेली, फुलाची गं माय."

कुरखेड्याकडच्या जंगलात मोहफुलं वेचायला जाताना सरिताची आई हे गायची. सरिता तेव्हा सात-आठ वर्षांची. टोपली डोक्यावर उलटी घालून ती आईच्या मागं चालायची, आणि तो आवाज झाडांतून असा झिरपत यायचा, की पाय आपसूक हलके पडायचे. वाटेवर पानांचा थर, त्याखाली ओलसर माती. पाय नावाची वस्तू आपल्याला आहे, हे आठवायचं काही कारणच नव्हतं.

आता लग्नाला नऊ वर्षं झालेली सरिता वैरागडच्या डांबरी रस्त्यावर धावत होती आणि पाय सोडून तिला दुसरं काही आठवत नव्हतं.

मागून मोटरसायकल फटफटत यायची. तिच्यावर नवरा, प्रफुल. गळ्यात शिट्टी, हातात मोबाइल. आरमोरीत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि पोटात दोनदा हुकलेल्या पोलीस भरतीची सल. वनरक्षकाच्या भरतीचा अर्ज सरितानं स्वतःहून भरला होता. तिला ती नोकरी हवी होती. जंगल तिला कळायचं. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची भरती, महिन्याच्या अठराला तीन किलोमीटर धावणं. अर्ज तिचा होता, पण धावणं प्रफुलचं झालं, आणि ते तिच्या लक्षात यायला उशीर झाला.

कारण प्रफुल पटाच्या घरचा. त्याचे वडील, रामाजी, पंचक्रोशीतले नावाजलेले धुरकरी. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, त्यांनी हाकलेली जोडी सुटली की माणसं घरावर चढून बघत. बैल विकून वर्षं झाली, गोठ्यात आता सायकली असतात. पण धावणाऱ्या जिवाला तयार कसं करायचं, हे घराला एकाच रीतीनं ठाऊक होतं. तीच रीत सुनेवर चालली. सकाळी दुधात फेटलेलं कच्चं अंडं, मग रस्ता, मग टोरीच्या तेलानं मालिश, वर तापवलेल्या विटेचा शेक. पहिल्याच आठवड्यात रोज सहा किलोमीटर. दुसऱ्यात आठ.

"अंगात दम मुरला पायजे," प्रफुल म्हणायचा. "पे. नाक दाबून पे."

पेल्यात वर तरंगणारा तो पिवळा चिकट धागा ओठाला लागला की सरिता डोळे मिटून घ्यायची. गिळावं लागायचं, कारण सगळे बघत असायचे. टोरी म्हणजे मोहाची बी, लहानपणी आईनं त्याच तेलात भाजी केलेली. पण इथं महिनाभर मुरलेला तो खवट वास तिच्या गोधडीला लागला, केसांना लागला, भात कालवताना बोटांना येऊ लागला. लहानपणचं एक चांगलं तेल घरच्यांनी असं नासवून टाकलं, याचा राग तिला अंड्याहून जास्त येई.

गाव तर मजाच बघत होतं. हातपंपावरच्या बाया ओरडायच्या, "पटाची सून सुटली वो! बाजूले व्हा, बाजूले!" प्रफुलनं तिच्या धावण्याचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. घामानं चिकटलेला कुर्ता, उघडं तोंड. कुणीतरी खाली लिहिलं, 'शेपूट मुरगाळा, अजून पळल.' प्रफुल हसला आणि त्यावर अंगठा दाबला. सरितानं तो अंगठा पाहिला. त्या दिवसापासून त्याची शिट्टी वाजली की तिला थुंकावंसं वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात डाव्या पावलाच्या वर, बोटांच्या मागं, कळ उठली. आधी धावताना. मग चालताना. मग रात्री नुसतं पांघरूण लागलं तरी.

"मले लागून राह्यलं," ती म्हणाली.

"नवीन पाय हाये, दुखनारच," सासू केसरबाई म्हणाल्या आणि दोन्ही अंगठ्यांनी नेमकं तिथंच दाबलं. "गाठ बसली हाये. फुटली की मोकळी होशीन."

केसरबाईंच्या हातात माया होती, त्यात खोट नव्हती. पण त्या मायेनं सरिताच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. पाऊल सुजून तकाकायचं, तेलानं माखलेलं, उष्ण. आपलाच अवयव, पण बघवेना. कुणाचा तरी उष्टा टाकलेला तुकडा आपल्याला चिकटला आहे, असं तिला वाटायचं.

आरमोरीच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड साफ दिसलं. "दुखणं राहिलं तर पुन्हा या," डॉक्टर म्हणाले. प्रफुलनं घरी येईपर्यंत त्यातलं 'साफ' तेवढं ठेवलं.

"फोटोत काई नाई. मनाचं हाये," तो म्हणाला. "काऊन भीत हायेस? पंधरा दिवस राह्यले फक्त."

ती धावली. उजव्या पायावर भार घेऊन, दात आवळून, आणखी बारा दिवस. बाराव्या दिवशी धानाच्या गिरणीपुढं पायात काहीतरी कट्‌ झालं. ती खाली बसली, आणि रस्त्याच्या कडेला त्या सकाळचं दूध, अंडं, सगळं बाहेर पडलं. प्रफुलची मोटरसायकल येऊन थांबली.

"ऊठ," तो म्हणाला. "लोकं पाहून राह्यले."

ती उठली नाही. तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडला.

गडचिरोलीच्या डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो उजेडाला धरला. पावलातल्या लांब हाडावर बारीक रेघ, भोवती धुरकट गाठ.

"ताई, ह्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. हाडाला सवय व्हायच्या आधी फार धावलात. सुरुवातीला फोटोत दिसत नाही कधी कधी. आणि ह्यावर मालिश कुणी केली?"

खोलीत टोरीच्या तेलाचा वास तेवढा होता.

"दुखायला लागलं तेव्हाच थांबला असतात, तर हे इतकं वाढलं नसतं. आता सहा आठवडे पाय टेकवायचा नाही."

"अठरा तारखेले धावनं हाये," सरिता म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी नाही अशी मान हलवली.

घरी पाय उशीवर ठेवून ती पडवीत बसली. सासरा समोर असताना ती कधी खाटेवर बसत नसे, डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. आज बसली. पदर खांद्यावरच होता. रामाजी अंगणातल्या निंबाखाली पाठमोरे, सुतळी वळत होते. केसरबाई तेलाची वाटी घेऊन आल्या, आणि कुठं ठेवावी ते न सुचून तशाच उभ्या राहिल्या.

"तुले सांगता येत नवतं का चांगलं?" प्रफुल म्हणाला. त्याला कुणावर तरी ओरडायचं होतं. "एवढं मोडेपर्यंत?"

"सांगतलं," सरिता म्हणाली. "चार डाव सांगतलं. तुमी मनाचं म्हनलं."

"फोटो साफ होता ना! मले काय सपन पडनार होतं? कोनालेच समजलं नाई."

"कोनालेच?" ती हसली, आणि ते हसू इतकं कडू होतं की केसरबाईंनी वाटी खाली ठेवली. "ह्या घरात ढोराच्या चार पायांतला कोनता दुखते ते बसल्या जागी सांगत होते म्हनतात. मी दोन पायांची. दिसली नसन."

सुतळी वळणारे हात थांबले.

रामाजी उठले. पडवीपर्यंत आले, पण वर चढले नाहीत. नऊ वर्षांत ते सुनेशी सरळ कधी बोलले नव्हते. जे असेल ते केसरबाईंकरवी. आता त्यांची नजर खालीच होती, पडवीच्या काठावर.

"प्रफुल, चूप राह्य," ते म्हणाले. मग केसरबाईंना, "तू बी वाटी उचल आन आत ने ते तेल."

आणि नजर न उचलता ते सुनेशी बोलले.

"मले मालूम होतं, सूनबाई. पयल्या एक्स-रेच्या आधीपासून. तू सकाळी सडा टाकत होतीस, तं डावी टाच टेकत होतीस आन पंजा उचलून घेत होतीस. हाड गेलं हे मले तवाच समजलं. पोराले म्हननार होतो, जोत सोड तिचं. पन सासऱ्यानं सुनेच्या पायाकडं पाह्यलं, हे सांगू कसं? त्या लाजेपायी तोंड फिरवून बसलो. पंधरा-वीस दिवस, रोज सकाळी."