वगळलेलं गाणं

थोरलीच्या वडिलांनी बत्तीस वर्षं बसस्थानकावर माइकवर बोलण्याची नोकरी केली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुठली उशिरा येणार, कुणाची पिशवी चौकशीच्या खिडकीत सापडली आहे, हे सगळं गाव त्यांच्या तोंडून ऐकायचं. दुकानात त्यांनी नुसतं "साबण द्या" म्हटलं तरी शेजारचा माणूस मान वळवून बघायचा. हा आवाज आपण कुठेतरी ऐकलाय, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं.

निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी एका सकाळी दाढी करताना त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. हात दोन महिन्यांत बराचसा सुधारला. बोलणं मात्र गेलं. शब्द डोक्यात असायचा, पण तोंडातून भलताच बाहेर पडायचा, नाहीतर काहीच नाही. चहा हवा असला की ते "खुर्ची" म्हणायचे आणि मग स्वतःवरच चिडून मांडीवर मूठ आपटायचे.

थोरलीने त्यांना आपल्या घरी आणलं. ती एकटीच राहायची आणि घरीच काम करायची. काम कवळ्या बनवण्याचं. दातांचे डॉक्टर हिरड्यांचे साचे पाठवायचे, ती त्यावर मेणात एकेक दात बसवायची. बाहेरच्या खोलीत तिचं टेबल होतं, आतल्या खोलीत बाबांचा पलंग. मधल्या दाराला फक्त पडदा.

स्पीकर धाकट्या भावाने पाठवला. तो दूरच्या शहरात राहायचा आणि फोनवरून काळजी करायचा. "नुसतं बोललं की गाणी लावतो," तो म्हणाला, "बाबांचा वेळ जाईल. याद्या, आवडीनिवडी सगळं तुझ्या फोनवरून ठरवता येतं."

यंत्राला आधी माणसाचा आवाज ओळखून घ्यायचा होता. त्यासाठी फोनवर दिसणारी तीन वाक्यं वाचून दाखवायची होती. बाबांनी चारदा प्रयत्न केला. "नीट ऐकू आलं नाही, पुन्हा म्हणा," असं यंत्र चारही वेळा गोड आवाजात म्हणालं. शेवटी थोरलीने स्वतःच ती वाक्यं वाचली आणि सगळं आपल्याच नावावर सुरू केलं. वर 'बाबा' नावाची एक यादी करून ठेवली.

आठवड्यातून एकदा बोलण्याचा सराव घ्यायला एक थेरपिस्टबाई यायच्या. त्यांना स्पीकर बघून आनंदच झाला. "हा तुमचा खरा मास्तर," त्या बाबांना म्हणाल्या. "आम्ही माणसं तुमचं अर्धं बोलणं समजून घेतो. हा नाही घेणार. कुठलं गाणं आवडतं तुम्हाला?"

बाबांनी वल्हं मारल्यासारखे हात केले. थोरलीला लगेच कळलं. एका जाड आवाजाच्या गायिकेचं जुनं गाणं होतं. नावाडी काठावर बसून कुणाची तरी वाट बघतोय, एवढंच त्यात. चाल संथ, आणि दर कडव्याच्या शेवटी लांबच लांब "हो".

"झालं तर मग," बाई म्हणाल्या. "रोज म्हणायचं, ऐक, नावाड्याचं गाणं लाव."

तीन आठवडे बाबा त्या एका वाक्याच्या मागे लागले होते. 'ना' यायचं, 'वा' यायचं, 'ड्या'ला जीभ अडायची. बाविसाव्या दिवशी सकाळी थोरली प्लॅस्टर कालवत असताना आतून ते लांब "हो" ऐकू आलं आणि ती तशीच बरबटलेल्या हातांनी आत धावली. बाबा पलंगावर ताठ बसले होते आणि डोळे पुसत होते. तिनेही पुसले, आणि तिच्या गालाला प्लॅस्टर लागलं ते बघून दोघंही हसली.

त्यानंतर नावाड्याने मुक्कामच ठोकला. सकाळी चार वेळा, दुपारी सहा वेळा. सगळं थोरलीच्या नावावर असल्यामुळे यंत्राची समजूत झाली की हिलाच हे गाणं प्राणापलीकडे आवडतं. कामाच्या वेळची तिची स्वतःची यादी होती, तिच्यातही तीच गायिका घुसली. बाजारात जाताना कानात इअरफोन घातले तरी तिथे नावाडी हजर. महिन्याभरात तिच्या कपाळाची शीर त्या पहिल्या सुरालाच उडायला लागली.

एका मंगळवारी डॉक्टरांचा फोन आला. पाठवलेली कवळी नीट बसत नव्हती. वरचे दात खालच्यांवर टेकतच नव्हते. "आजीबाई चार दिवस पेजेवर आहेत हो," डॉक्टर म्हणाले. "आजच्या आज करून द्या." थोरली शरमली. असली चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती. तिने मेण तापवायला घेतलं आणि आतून सातव्यांदा नावाडी सुरू झाला.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने हात धुतले, फोन उघडला. गाण्यापुढे तीन ठिपके होते, ते दाबले. 'या गायिकेची गाणी वाजवू नका,' अशी ओळ आली. तिने तीही दाबली. आजच्या दुपारपुरतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

गाणं संपलं. थोड्या वेळाने बाबांचा आवाज आला, "ऐक. नावाड्याचं गाणं लाव."

स्वच्छ. 'ड्या' अगदी जिथल्या तिथे.

"ही घ्या तुमच्यासाठी काही गाणी," यंत्र म्हणालं आणि बासरी वाजायला लागली.

बाबांनी पुन्हा म्हटलं, सावकाश. पुन्हा बासरी. मग त्यांनी शब्द फोडला. "ना. वा. ड्या. चं." बासरीच. असं पाच वेळा झालं. थोरली हातात मेणाची सुरी घेऊन पडद्याकडे पाठ करून बसली होती आणि एकेक अक्षर तिला ऐकू येत होतं. पाचव्या खेपेनंतर आत शांत झालं.

त्या शांततेत तिचं काम फार सुरेख झालं. पुढे तिला सगळ्यात जास्त टोचायचं ते हेच.

संध्याकाळी ती आत गेली तेव्हा बाबांचा चहा तसाच होता, वर साय धरलेला. "गाणं नको का आज?" तिने विचारलं. त्यांनी मान हलवली. तिला सुटल्यासारखं वाटलं. सेटिंग परत करायचं तिच्या लक्षात होतं, पण उद्या करू म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. चौथ्या दिवशी बाबांनी सकाळी एकदाच, पुटपुटल्यासारखं विचारून बघितलं. बासरी लागली. ते उठले आणि स्पीकरवर आपला रुमाल टाकून आले.

त्यानंतर त्यांनी मीठसुद्धा बोटाने मागायला सुरुवात केली.

पुढच्या गुरुवारी थेरपिस्टबाई आल्या. त्यांनी चित्रांची पानं काढली. कप, किल्ली, छत्री. मागच्या वेळी बाबांनी बारापैकी नऊ चित्रं ओळखली होती. आज त्यांनी तोंडावर हात ठेवला तो काढलाच नाही.

बाई स्वयंपाकघरात आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला हे बरं दिसत नाही. घरात काही झालं का? पडले वगैरे? काही बदललं?"

"नाही," थोरली म्हणाली.

तो शब्द इतका सहज निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं.

"मग एकदा डोक्याचं स्कॅन करून घ्या. दुसरा लहानसा झटका येऊन गेला असेल, सांगता येत नाही."

बाई गेल्या तशी थोरलीने फोनमधलं वगळलेल्या गाण्यांचं पान उघडून त्या गायिकेला त्यातून काढलं. मग बाबांच्या खोलीत जाऊन रुमाल उचलला आणि लगबगीने म्हणाली, "ऐक, नावाड्याचं गाणं लाव."

पहिल्याच झटक्यात लागलं. तिने हसून बाबांकडे बघितलं. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी आपल्या ओठांना बोट लावलं, मान हलवली आणि भिंतीकडे कूस वळवली. हिने म्हटलं तर लागतं, मी म्हटलं तर नाही. त्यांना एवढंच समजलं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तिने गाणं बंद केलं आणि बाहेर येऊन कवळी घासत बसली.

धाकट्याचा फोन आला. "ताई, दुसरा झटका असेल तर? मी येऊ का?"

"आधी रिपोर्ट येऊ दे," ती म्हणाली. आपण सगळ्यांना किती लांब आणून ठेवलंय, हे तिला दिसत होतं, आणि तरी जीभ उचलत नव्हती.

सोमवारी ती बाबांना स्कॅनला घेऊन गेली. काउंटरवरच्या मुलीने बाबांना नाव विचारलं. त्यांनी थोरलीकडे बघितलं. बत्तीस वर्षं अख्ख्या गावाला गाड्या सांगणाऱ्या माणसाचं नाव तिने सांगितलं. कपडे बदलायच्या खोलीत तिने त्यांना पाठीमागे नाड्या असलेला तो निळा झगा घातला. झगा तोकडा होता. बाकावर बसलेल्या बाबांचे गुडघे उघडे पडले होते, आणि दारावर नजर ठेवून ते झगा पुन्हा पुन्हा खाली ओढत होते. ते घाबरले होते. न झालेल्या आजारासाठी त्यांना स्कॅनच्या नळकांड्यात घालणार होते.

थोरली त्यांच्यासमोर खाली बसली.

"बाबा, तुमचं बोलणं बिघडलेलं नाही. मी गाणं बंद केलं होतं."

बाबांना अर्थ लागला नाही.

"फोनवरून. त्या गायिकेचं गाणं वाजवू नकोस, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. तुम्ही अगदी बरोबर म्हणत होतात. मला सगळं ऐकू येत होतं."

त्यांना पटेना. उगाच माझी समजूत घालू नकोस, असा हात त्यांनी झटकला. तेव्हा तिला आठवलं की यंत्राने जे जे ऐकलं ते फोनमध्ये लिहिलेलं राहतं. तिने ते पान उघडून त्यांच्या हातात दिलं. बाबांनी चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचायला लागले. मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं: नावाड्याचं गाणं लाव. दोन बारा: नावाड्याचं गाणं लाव. दोन तेरा. दोन पंधरा. दोन सतरा. शुक्रवार. काना की मात्रा, कुठेही काही चुकलेलं नव्हतं.

त्यांचं बोट शुक्रवारच्या ओळीवर थांबलं. त्यांनी मान वर केली.

"का?"

दहा दिवसांतला त्यांचा पहिला शब्द.

"मला कंटाळा आला होता, बाबा," थोरली म्हणाली. दुसरं काही चांगलंसं कारण शोधावं, असं तिला वाटलं होतं. सापडलं नाही. "एका दुपारपुरतं केलं होतं. मग राहू दिलं. घर शांत होतं म्हणून."

बाबांचा चेहरा लाल झाला. ओठ हलले, शब्द अडले, पण त्यांनी ते सोडले नाहीत. "मी... मला वाटलं... गेलं. सगळं... परत गेलं."

ती रडायला लागली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. दारावर टकटक झाली, त्यांना आत बोलावलं गेलं. बाबांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, त्यामुळे स्कॅन झालंच. त्यात नवीन काही निघालं नाही.

परतताना रिक्षात बाबा बाहेर बघत होते. घर आलं तेव्हा म्हणाले, "सांग. बाईंना. धाकट्याला."

"हो."

"आज."

तिने सांगितलं. धाकटा इतका चिडला की महिनाभर तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. थेरपिस्टबाईंनी आवाज चढवला नाही. "मी मुद्दाम विचारलं होतं तुम्हाला," एवढंच म्हणाल्या. थोरलीला ते वाक्य पुढे कितीतरी दिवस साचे घासताना ऐकू यायचं.

बाबा पुन्हा बोलायला लागले. बाईंशी, शेजाऱ्यांशी, फोनवर धाकट्याशी. थोरलीशी सगळ्यात शेवटी, आणि तेही कामाचं तेवढंच. तिने स्पीकर त्यांच्या स्वतःच्या नावावर करून दिला. या खेपेला ती तीन वाक्यं त्यांनी दुसऱ्या प्रयत्नात वाचली. तरी रोज संध्याकाळी ते तिच्यापुढे हात पसरायचे. ती फोन द्यायची. ते चष्मा लावून दिवसभरातल्या सगळ्या ओळी तपासायचे, मग वगळलेल्या गाण्यांचं पान उघडायचे. ते रिकामं आहे ना, हे बघून फोन परत द्यायचे. ते तपासत असेपर्यंत थोरली पडद्यापाशी उभी राहायची. बसावं असं तिला कधी वाटलं नाही.

दोन महिने असेच गेले. एका सकाळी आतून बाबांची हाक ऐकू आली, "ऐक. नावाड्याचं गाणं लाव." आणि एकदम सनई, ढोल, लग्नाच्या वरातीचा गोंगाट सुरू झाला. थोरलीच्या हातातून दात निसटला. ती पडदा सारून आत गेली. बाबा तिच्याकडेच बघत होते. त्या नजरेत काय आहे, हे तिला विचारावं लागलं नाही.

"मी काही केलं नाही, बाबा. खरंच नाही."

त्यांनी हात पुढे केला. तिने फोन दिला. त्यांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. त्यांनी फोन तिच्याकडे वळवला. यंत्राने लिहिलं होतं: नवऱ्याचं गाणं लाव.

"बहिरा," बाबा म्हणाले.

थोरलीही हसली. बाबांनी फोन परत दिला नाही. हसता हसताच त्यांनी वगळलेल्या गाण्यांचं पान उघडलं, ते खालपर्यंत नीट बघितलं, आणि मगच तो तिच्या हातात ठेवला.